दुमडलेली पट्टी

आभाराच्या पत्राचीही माणसाला भीती वाटू शकते, हे त्याला त्या शुक्रवारपर्यंत माहीत नव्हतं. बावीस वर्षांच्या नोकरीत आभाराची पत्रं त्याला कमी आली नव्हती. ती त्याने एका खोक्यात भरून ठेवली होती आणि निवृत्तीनंतर पाय वर करून निवांत वाचायची असा त्याचा बेत होता. हे पत्र पातळ, निळसर कागदावर होतं, अक्षर फळ्यावर काढावं तसं सुटं आणि गोल. "माननीय पोचपावती अधिकारी यांस. आपल्या सहीची पावती आमच्या गावास मिळाली. इतक्या मोठ्या देशाने आमच्या अर्जास उत्तर दिले, असे पूर्वी कधी घडले नव्हते. वरच्या धरणातून पाणी सुटणार अशी अफवा होती, म्हणून अर्धे गाव सामान घेऊन डोंगरावर गेले होते. मी पावती सर्वांना वाचून दाखवली. निर्णय होईपर्यंत काम स्थगित राहील, असे तिच्यावर स्पष्ट लिहिले आहे. त्याच दिवशी सर्व घरे परत खाली आली. एकूण त्रेचाळीस. मी आपल्या देशात दोन वर्षे शिकलो. तिथे कागदावरचा शब्द पाळला जातो, हे मी गावास सांगितले." खाली सही, सहीखाली 'शाळामास्तर', आणि त्याखाली गावातल्या दुकानाचा फोन नंबर, काही निरोप असल्यास तिथे ठेवावा, मुलं धावत येऊन सांगतात. त्याने पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा त्याची नजर 'परत खाली आली' या तीन शब्दांच्या पुढे जाईना. टेबलावरचा चहा निवला होता तरी त्याने तो प्यायला, कारण आणलेला चहा टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

ऑफिसात त्याला तराजू म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. या देशात कायदाच असा होता की कोणत्याही सरकारी कामावर कोणीही हरकत घ्यावी, साध्या कागदावर, वकिलाशिवाय. त्या कागदाची पोचपावती निघाली की निर्णय होईस्तोवर ते काम ठप्प. एका विधवेने असा रस्ता थांबवला होता. एका न्हाव्याने मंत्र्याच्या बंगल्याची भिंत थांबवली होती. पावतीवर सही करायची की नाही हे ठरवायला तो बसलेला होता, आणि तो कोणाच्या बापाला भ्यायला नव्हता. पण पहिल्या दोन वर्षांत त्याच्या एक गोष्ट लक्षात आली: अर्जाच्या वरच्या कोपऱ्यातलं नाव आणि पत्ता वाचला की आपला हात थोडा बदलतो. बड्या वस्तीचा पत्ता असला की जरा लवकर चालतो, आडनाव ओळखीचं निघालं की जरा मऊ पडतो. त्याला स्वतःची लाज वाटली. मग त्याने ती युक्ती काढली जिच्यामुळे पुढे त्याचं नाव झालं: अर्जाची वरची चार बोटं पट्टी मागे दुमडायची, टाचणी लावायची आणि मगच अर्ज त्याच्यापुढे यायचा. माणूस कोण, कुठला, ते त्याला दिसायचंच नाही. दिसायचं फक्त गाऱ्हाणं. चार वर्षांत ही पद्धत देशभर लागू झाली. दुसऱ्या देशांतली शिष्टमंडळं येऊन ती दुमड पाहून जात, फोटो काढून जात, आणि तो त्यांना टाचणी कशी लावायची ते करून दाखवी, अगदी गंभीरपणे.

पट्ट्या दुमडायचं काम ज्या बाई करत त्यांचं नाव आपोआप टाचणीबाई पडलं होतं. त्यांना त्याने आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "हा अर्ज पलीकडच्या देशातून आला होता," तो म्हणाला. "परदेशातल्या अर्जाला आपण पावती देत नाही. तो बंद पाकिटात वर परराष्ट्र विभागात जातो. तुम्ही पत्ता पाहिला नाहीत का?"

"पाहिला की," टाचणीबाई म्हणाल्या.

"मग मला बोलला का नाहीत?"

"पत्त्याबद्दल साहेबांशी एक अक्षर बोलायचं नाही. तुमचाच नियम आहे ना? भिंतीवर लावलाय. मला वाटलं होतं बोलावं म्हणून. पण म्हटलं, उद्या हेच म्हणतील, टाचणीबाईंनी पत्ता फोडला. वीस वर्षांत कधी फोडला नाही."

त्याला तो अर्ज आता नीट आठवला. 'नदीच्या पात्रालगत आमची घरे व शेते आहेत. पाणी सोडण्यापूर्वी आठ दिवस सूचना मिळावी, ती मिळेपर्यंत पाणी सोडू नये.' सगळे रकाने बिनचूक भरलेले, भाषा जरा पुस्तकी. रास्त मागणी आहे, असं त्याच्या मनात आलं होतं, आणि त्याने झोकात सही ठोकली होती. पावती अर्जदाराला गेली. तिची दुसरी प्रत संबंधित खात्याला जाते आणि खरं काम तिथे थांबतं. पण ती प्रत जिल्ह्याच्या नावावरून जाते, आणि या पत्त्यात आपला जिल्हाच नव्हता, म्हणून ती कुठेच गेली नाही, फायलीत पडून राहिली. म्हणजे तिकडे शब्द पोचला आणि इकडे काम चालूच राहिलं. त्याच्या टेबलावर महिन्याचं परिपत्रक होतं. धरणाची वार्षिक चाचणी, सर्व दरवाजे, मंगळवार, सकाळी दहा. त्याने बोटांवर मोजलं. अकरा दिवस.

धरण त्यांच्या डोंगरात होतं आणि चावी आपल्याकडे. आजोबांच्या काळात करार झाला होता, नव्याण्णव वर्षांचा, दोन्ही बाजूंनी राजीखुशीने सह्या केल्या होत्या. एका बाजूला तेव्हा सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, पण करारात तसा रकाना नसतो. वीज तारांवरून इकडे यायची. घरची बस पकडायला जाताना त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच विजेकडे पाहिलं, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांकडे, औषधाच्या दुकानाच्या पाटीकडे, सिग्नलच्या त्या चिवचिवाटाकडे, जो आंधळ्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून बसवला होता आणि ज्याच्यासाठी त्याच्याच ऑफिसात अर्ज आला होता. थांब्यावर रांग होती. पाऊण तास बस आली नव्हती तरी कोणी पुढे घुसलं नव्हतं. इतकी सरळ रांग लावणारी माणसं कोणाचं वाईट करतील यावर कोणाचा विश्वास बसेल? त्याला आई आठवली. ती पाच भावंडांत खाऊ असा वाटायची की दोरा लावून मोजला तरी फरक निघू नये. तराजूपणा त्याच्यात तिच्याकडूनच आला होता. पण वाटायच्या आधी ती म्हणायची, "दार लावून घे रे." समोरच्या खोलीत एक काकू राहायच्या, नवरा परागंदा झालेल्या, आणि त्यांचं दार सदा उघडं असायचं. दार लावलं की आई सुरी हातात घ्यायची. लहानपणी त्याला वाटायचं की दार लावणं हाही मापाचाच भाग आहे, जसं वजन करण्याआधी पारडी पुसून घेतात तसं. काकू एकदा आजारी पडल्या तेव्हा आईने त्यांना सूप नेऊन दिलं होतं, आणि परत आल्यावर पाचही जणांना समान रागावली होती, काही कारण नसताना.

सोमवारी तो वरच्या मजल्यावर गेला. परराष्ट्र विभागाच्या उपसचिव एक बाई होत्या, वरच्या बाई, स्वच्छ टेबलाच्या, हळू आवाजाच्या, चपराशालाही 'अहो' म्हणणाऱ्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, "फार वाईट झालं. तुम्हाला झोप लागली नसेल."

"त्यांना कळवायला हवं," तो म्हणाला. "फक्त तारीख. एक ओळ."

"तारीख आपण कधीच कळवत नाही. तुम्हाला कारण माहीत आहे का? आज सूचना दिली की सूचनेचा हक्क मान्य केला. हक्क मान्य केला की उद्या नुकसानीचा हक्क, परवा पाण्याचा. करार त्या एका ओळीने उसवतो. कोणाला मारायचं म्हणून नाही हो. फक्त बोलायचं नाही, एवढंच आपलं धोरण."

"पण चार वर्षांपूर्वी याच धरणाची चाचणी आपण नऊ दिवस थांबवली होती. तलावाकाठच्या पक्ष्यांची घरटी होती म्हणून. एका निवृत्त बाईंचा अर्ज होता. पावती मीच दिली होती."

"तलावाचा तो काठ आपल्या हद्दीत येतो," वरच्या बाई म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांना जराही अवघड वाटलं नाही, कारण ते खरंच होतं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे पाहा, तुमच्यावर कसलीही जबरदस्ती नाही. आपण काही हुकूमशाहीत राहत नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही कळवा. मग पावती कशी गेली याची चौकशी होईल, अगदी निःपक्ष चौकशी. पट्टी दुमडलेली होती म्हणून गेली, हे बाहेर येईल. मग पट्टी जाईल. मंत्री कधीपासून टपलेत त्या पट्टीवर, तुम्हाला माहीत आहे. दर वर्षी पावणेदोन लाख अर्ज येतात, गरिबांचे. पुन्हा त्यांचे पत्ते वाचले जातील. एका बाजूला ते, एका बाजूला हे. तोलायचं काम तुमचंच. तुमच्याइतकं चांगलं ते कोणाला येतं?" त्या हसल्या नाहीत. त्यांनी त्याला दारापर्यंत सोडलं आणि लिफ्टचं बटण स्वतः दाबलं.

गुरुवारी जेवताना मुलीने विषय काढला, म्हणजे तिने वेगळाच काढला होता आणि तो याच्यावर येऊन आपटला. ती कॉलेजात होती आणि त्या वर्षी तिला जगात सगळीकडे साम्राज्यच दिसत होतं. "बाबा, आपणही साम्राज्यच आहोत," ती सहज म्हणाली, मीठ दे म्हणावं तसं.

"राजा नाही, तोफा नाहीत, गुलाम नाहीत," तो म्हणाला. "साम्राज्यात माणसांना फटके मारायचे. आपण कोणाला बोट लावलंय?"

"बोट लावायची गरजच काय? त्यांचा निर्णय आपण इथे बसून घेतो. झालं की."

"आपण इथे मतदान करतो. आपल्याकडे न्हावी मंत्र्याला थांबवतो."

"तेच तर! आपला न्हावी. त्यांचा न्हावी कोणाला थांबवतो?"

"जेवताना भांडण नको," बायको म्हणाली. तिचं हे वाक्य इतक्या वर्षांत झिजून गुळगुळीत झालं होतं.

त्याने सफरचंद कापायला घेतलं. तीन सारखे भाग. यावरून घरात नेहमी थट्टा चालायची. हात चालू ठेवून, वर न बघता तो म्हणाला, "समज हं, नुसतं समज. तिकडची चाळीस घरं वाचवायची तर आपल्याकडच्या लाखो गरिबांचं संरक्षण जाणार असेल. तर तू काय करशील?"

"कुठली चाळीस घरं?"

"समज म्हटलं ना."

मुलीने विचार केला. ती प्रामाणिक होती, त्याचीच मुलगी. "मग त्या घरांना विचारायला हवं."

"त्यांना विचारायची सोय नाही."

"मग तुमच्यात आणि राजात फरक काय उरला?" ती म्हणाली, आणि फोन वाजला म्हणून आतल्या खोलीत पळाली, मैत्रिणीशी खिदळत बोलू लागली. प्रश्न टाकला तशी ती तो विसरलीही. त्याला तिचा राग आला. जिला काही करावं लागणार नाही तिने असं धारदार बोलावं, आणि तेही त्याच विजेवर फोन भरून, याचा राग. तिच्या वाटणीची फोड ताटलीत काळी पडत गेली. शेवटी त्याने ती स्वतःच खाल्ली.

शनिवारी दुपारी तो टपाल कार्यालयाच्या फोनच्या खोलीत गेला. घरून नको, ऑफिसातून नको, एवढं त्याने ठरवलं होतं. वाक्यही ठरवलं होतं, शर्टाच्या खिशात लिहून ठेवलं होतं: मंगळवारी दहाच्या आत वर जा. त्यात त्याचं नाव नव्हतं, पद नव्हतं, पावतीचा उल्लेख नव्हता. पाच शब्द. कोणीही, कुठूनही बोलावेत असे. काचेची खोली गरम होती, रिसीव्हरला आधीच्या माणसाच्या तोंडाचा वास येत होता. तिकडे फोन उचलला तो दुकानदाराने. त्याला इकडची भाषा येत नव्हती, पण ती ओळखू आली तेवढ्यानेच तो ओरडला, आणि रिसीव्हर तसाच ठेवून कोणाला तरी हाका मारू लागला. इकडे तो ऐकत राहिला. कोंबड्या होत्या. कोणीतरी छपरावर खिळे ठोकत होतं, मोजून, एका लयीत. डोंगरावरून परत आणलेले पत्रे असतील. एक बाई जोरात हसली. एवढ्या जवळून त्याने परका देश कधी ऐकला नव्हता. मग धापा टाकत शाळामास्तर आले आणि म्हणाले, "कोण बोलतंय?"

आणि त्याने आपलं पद सांगितलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बावीस वर्षं फोनवर तेच सांगायची सवय होती, जीभ आपोआप वळली. "साहेब, आपण?" मास्तर म्हणाले. "आपण स्वतः?" मग ते रिसीव्हर बाजूला धरून त्यांच्या भाषेत मोठ्याने काही बोलले, आणि खिळे ठोकणं थांबलं. पंचवीस-तीस माणसं तरी जमली असावीत, त्यांच्या श्वासांचीच गर्दी ऐकू येत होती. "मी यांना सांगितलंच होतं," मास्तर म्हणत होते. "हे म्हणत होते, मोठी माणसं कशाला लक्ष देतील. मी म्हटलं, मी राहिलोय तिथे. तिथली माणसं वेगळी आहेत. साहेब, तुम्ही माझी लाज राखलीत."

खिशातला कागद त्याने बाहेर काढला होता. अक्षर त्याचंच होतं, स्वच्छ. ते पाच शब्द आता त्या गर्दीत टाकायचे होते, आणि ते टाकले की मास्तरांचा आवाज काय होईल हे त्याला आधीच ऐकू आलं. तो आवाज त्याला नको होता. पट्टी नव्हे, पावणेदोन लाख अर्ज नव्हेत, करार नव्हे; एवढंच, की आयुष्यात कोणी आपल्याशी असं बोललं नव्हतं, आणि ते आणखी थोडा वेळ चालावं असं त्याला वाटलं. त्याला ते स्पष्ट कळलंही. कळूनही काही फरक पडला नाही.

"पावती नीट मिळाली ना?" तो म्हणाला. "फाटली-बिटली नाही ना टपालात? एवढंच विचारायचं होतं."

"नाही नाही साहेब. काचेत लावलीय." मग मास्तर जरा खालच्या आवाजात, गर्दीला ऐकू जाऊ नये असं, म्हणाले, "म्हणजे आता काळजी नाही ना, साहेब? माझ्या शब्दावर आलीत ही माणसं खाली. लेकराबाळांसकट."

"तुमचा अर्ज विचाराधीन आहे," तो म्हणाला. हे वाक्य त्याने हजारो वेळा उच्चारलं होतं आणि प्रत्येक वेळी ते खरं होतं. आत्ताही तो विचारच करत होता. तिकडे मास्तरांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं असावं, कारण मागे आनंदाचा गलका झाला आणि खिळे ठोकणं पुन्हा सुरू झालं. काउंटरवरच्या मुलीने फोनचे पैसे घेतले आणि सुटे नव्हते म्हणून दोनदा माफी मागितली.

सोमवारी वरच्या बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नाही कळवत." त्यांनी मान डोलावली. तुम्ही निर्णय पूर्ण मोकळेपणाने घेतलात अशी नोंद मी करून ठेवते, म्हणजे पुढे कोणी तुम्हाला त्रास द्यायला नको, असं म्हणाल्या, आणि घरी आराम करणार का, रजा हवी का, म्हणून आपुलकीने चौकशी केली. त्याने रजा घेतली नाही. मंगळवार हा प्रत्यक्ष भेटीचा दिवस होता. लांबून लांबून माणसं यायची, पहाटेच्या गाड्या पकडून. त्यांना परत पाठवणं बरं दिसलं नसतं.

पावणेदहाला एक आजी आत आल्या. काठी, कापडी पिशवी, पायांत मुलाचे असावेत असे मोठे बूट. त्यांच्या बसथांब्यावरचं बाकडं उखडायला पालिकेची माणसं आली होती. फूटपाथ रुंद करायचा होता. "आत्ता उखडतायत बघा," आजी म्हणाल्या. "मी निघाले तेव्हा पहार लावली होती. मला गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही. एवढंच आहे हो माझं." त्यांनी अर्ज लिहून आणला नव्हता. त्याने स्वतः कागद घेतला, त्यांच्या तोंडचे शब्द तसेच लिहिले, वाचून दाखवले, अंगठा घेतला, सही केली. मग म्हणाला, "थांबा, कागद पोचेस्तोवर बाकडं राहायचं नाही." आणि फोन उचलला. पालिका, रस्ते विभाग, मग तिथल्या मुकादमाचा नंबर. "पोचपावती कार्यालय. हरकत आली आहे. काम थांबवा." मुकादमाने एक प्रश्न विचारला नाही. त्याने तिथल्या तिथे शिट्टी मारली, पहारीचा आवाज होता तो बंद झाला, आणि "थांबवलं साहेब" असा निरोप आला. त्या शेवटच्या फोनला अर्धं मिनिट लागलं असेल.

रिसीव्हर अजून त्याच्या हातात होता. टेबलाच्या काचेखाली सगळ्या खात्यांच्या नंबरांची यादी होती, त्यात धरणाच्या नियंत्रण कक्षाचाही, वरून नववा. घड्याळात दहाला आठ मिनिटं कमी होती. मुकादमासारखाच तिथेही कोणी ऑपरेटर असेल, त्यानेही प्रश्न विचारला नसता. चाक फिरवायचं थांबवून चहा प्यायला असता. त्याचं बोट काचेवर त्या नंबराशी गेलं, तिथे थोडा वेळ राहिलं. पलीकडून फोन ठेवल्याची घरघर येत होती. आजी त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या.

त्याने रिसीव्हर ठेवला. "झालं आजी. थांबवलंय काम. निर्णय होईपर्यंत तुमच्या बाकड्याला कोणी हात लावणार नाही."

"खरंच?" आजींना विश्वासच बसेना. मग त्या रडायला लागल्या, मग हसायला. त्यांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, ते हात खरखरीत आणि ऊबदार होते, आणि बराच वेळ सोडलाच नाही. मुलाबद्दल सांगितलं, सुनेबद्दल सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, घाई केली नाही. "तुमच्यासारखी माणसं आहेत बाबा," त्या उठताना म्हणाल्या, "म्हणून आमच्यासारख्यांचं चाललंय." त्याने त्यांची पिशवी उचलून दिली आणि दारापर्यंत सोडायला गेला. दहा वाजून चार मिनिटं झाली होती, आणि त्याला खरोखर बरं वाटत होतं. परत येऊन तो बसला, घंटी दाबली, आणि टाचणीबाईंनी पुढच्या माणसाला आत सोडलं.